गच्चीवरचा गवती चहा

२ ऑक्टोबर १९८३, रविवार

आजपासून रोजनिशी. मागच्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत शेवटची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत एवढाच हेतू. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं.

आज महिला मंडळाची मिटिंग. वर्ध्याच्या वनौषधी केंद्रातून महादेवराव साहेब आले होते. त्यांच्याकडे गवती चहाचं तेल काढायचं तांब्याचं यंत्र आहे. आहे एकच, आणि मागणारी मंडळं दोन. आम्ही पुलगावच्या आणि त्या अल्लीपूरच्या. दिवाळीच्या आत दोघींनी आपापला गवती चहा वाळवून वर्ध्याला न्यायचा. ज्यांच्या पाल्यातून तेल जास्त निघेल त्यांच्या गावी यंत्र. तेल साबणवाले हातोहात घेतात म्हणे. यंत्र आलं तर मंडळातल्या बायांना घरबसल्या काम. रुख्माबाईला भर उन्हात दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जावं लागणार नाही. कोकिळा आमची सेक्रेटरी. तिने तर देवीला नवस बोलून ठेवला.

साहेब म्हणाले, सगळं वाळवण्यावर आहे. सावलीत वाळवा, पातळ पसरा, नुसती हवा लागू द्या. माणूस सज्जन, पण पंख्याखाली बसून नोकरी करणारा. त्यांनी जन्मात कुरडई घातली नसणार. मी लग्न झाल्यापासून पापड, कुरडया, सरगुंडे, मिरच्या, सगळं उन्हात घातलं आहे आणि माझ्या पापडाला आजवर बुरशी पाहिलेली नाही.

मी हात वर केला. सगळ्यांचा पाला माझ्या गच्चीवर वाळेल. गल्लीत स्लॅब फक्त आमचा. ठराव मंजूर. रुख्माबाई तेवढी म्हणाली, "पण वच्छलाबाई, साहेब तं सावली म्हणून गेले न वो?" मी म्हटलं, साहेब वर्ध्याचे अधिकारी आहेत, सूर्यनारायणाचे नाहीत.

३ ऑक्टोबर, सोमवार

पितृपक्ष चालू. नवीन काम सुरू करायचं नाही. पाला घटस्थापनेला कापायचा. तोपर्यंत न्हाणीचं पाणी न चुकता गवती चहाला.

यंत्राची जागा नक्की केली. अंगणात, नळाजवळ. शेणाने सारवून घेतली. यांनी विचारलं, "कोण येऊन राह्यलं?" मी म्हटलं, यंत्र. "ठरलं का?" म्हणाले. मी शेणाची बादली उचलली. गिरणीत जन्मभर टाइमकीपर होते. भोंगा झाल्याशिवाय काही सुरू झालं असं त्यांना वाटतच नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना

सकाळी घट बसवला, अखंड दिवा लावला. मग पाला. मंडळातल्या सगळ्या बाया भारे घेऊन आल्या. गच्चीवर जुन्या छपराचे टिन ठेवलेले आहेत. स्लॅब टाकला तेव्हा हे म्हणाले होते, भंगारात देऊन टाक. दिले नाहीत. आज कामी आले. टिन असा तापतो की त्यावर पोळी भाजावी.

अक्कल वापरली. पाला विळीवर मेथीसारखा बारीक चिरला. लहान तुकडा, लवकर वाळतो. मॅट्रिकला मला सायन्समध्ये चांगले मार्क होते.

यांनी भाऱ्यातल्या चार जुड्या उचलल्या आणि घरापुढच्या कवेलूच्या, कौलारू ओसरीत बाजेच्या वर आड्याला उलट्या टांगल्या. म्हणे डास येत नाहीत. मंडळाचा पाला! मी म्हटलं, हा सार्वजनिक माल आहे. म्हणाले, "डासही सार्वजनिकच हायत." वाद घातला नाही. उपास होता.

८ ऑक्टोबर, शनिवार. दुपार

काय सांगावं! गच्चीवरून असा घमघमाट सुटला आहे की सगळी गल्ली भरून गेली. लहानू पोस्टमन सायकलवरून उतरला. आमचं पत्र नव्हतं तरी उतरला. "काकू, कायचा वास येऊन राह्यला वो? मी तं नाक्यापासून वासावरच आलो." समोरच्या घरी पाहुणे आले होते, ते ओट्यावर खुर्च्या टाकून बसले. देवळातले गुरव म्हणाले, कोणाकडे यज्ञ आहे का?

म्हणजे पाल्यात तेल इतकं आहे की आत मावत नाही, बाहेर सांडतं आहे. अल्लीपूरवाल्यांचं कठीण आहे.

हे ओसरीतून ओरडले, "अवं, सारं तेल गल्लीनंच नेलं तं यंत्रात काय घालशीन?" कौतुक करता येत नाही माणसाला.

९ ऑक्टोबर, रविवार

पाला झाला! मुठीत धरला तर कुरडईसारखा वाजतो. चुर्र. रंग सोन्यासारखा. कोकिळेला मुद्दाम गच्चीवर नेऊन आवाज ऐकवला. ती म्हणाली, "आवाज तर छान आहे काकू." पोरीला कळतं.

आज गल्लीत वास नाही. बाहेर सांडायचं ते सांडून झालं, आता उरलेलं आत घट्ट बसलं.

१० ऑक्टोबर, सोमवार

रुख्माबाई आली. मूठभर पाला घेतला, चुरगळला, नाकाशी नेला, पुन्हा नेला. म्हणाली, "वास कुठी गेला वो बाई याचा? हे तं कुटार झालं, निरा भुसा." मग एक मूठ घेऊन तिच्या बकरीला टाकला. बकरीने हुंगून तोंड फिरवलं.

मी शांतपणे समजावून सांगितलं. तिळाला वास असतो का? सरकीला असतो का? तरी घाणा भरून तेल निघतंच ना? वास म्हणजे ओलावा. ओलावा गेला की वास जायचाच. तेल जड असतं, ते जागचं हलत नाही. रुख्माबाईने हात झटकले. पटलं असणार. जाताना बकरीकडे बघून हसली, ते का ते कळलं नाही.

बकरीला रवंथ करून करून चव राहिलेली नसते. तिचं काय ऐकायचं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

तरी मन लागत नाही. पाला पोत्यात भरला आणि पोतं देवघरात घटाजवळ ठेवलं. आईसमोर राहील. तिची कृपा झाली की कशाला वास आणि कशाला साहेब.

हे ओसरीत बाजेवर पडून टांगलेल्या जुड्यांना पायाने झोके देत असतात. मी निश्चय केला आहे की दिवाळीच्या साफसफाईत पहिला तो कचरा काढायचा.

१६ ऑक्टोबर, रविवार. दसरा

चमत्कार. 

घट उठवला, आरती केली, मग पोतं उघडलं. वास! दाट, पवित्र वास. सगळ्या मंडळाला बोलावून दाखवला. कोकिळेने हात जोडले. रुख्माबाईनेसुद्धा पोत्यात डोकं घातलं आणि म्हणाली, "वास तं हाय बापा."

हे सोनं वाटायला निघाले होते. जाता जाता नाक पुढे करून म्हणाले, "हा तं कापराचा वास हाय. अन् ऊद. पाच दिवस तू त्या पोत्याले धूप देऊन राह्यली." यांना लहानपणापासून सर्दीचा त्रास आहे.

अंगणातली यंत्राची जागा पुन्हा सारवली. रांगोळीने स्वस्तिक काढलं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार. कोजागिरी

मंडळाचं दूध आमच्या गच्चीवर. केशर आणायचं नाही असं मी ठरवलं. आपल्याकडे आपलाच माल आहे. पोत्यातला गवती चहा मूठभर दुधात टाकला. उकळला. चव घेतली. आणखी एक मूठ. मग मुठी सोडून सुपानेच घातला. दूध गाळताना गाळणी भरली, पण चव लाजाळू निघाली. नाही म्हणायला थोडा कापूर लागला.

कोणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. पोटं भरली असतील. रुख्माबाई म्हणाली, "वच्छलाबाई, दूध देवाले दाखवून आणलं का देवाच्या आरतीत उकळून आणलं?" सगळ्या हसल्या. मीही हसले, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

तेल असतं ते दुधात उतरत नाही. तेल आणि दूध हे वेगवेगळे पदार्थ आहेत. यंत्रातच उतरेल.

२४ ऑक्टोबर, सोमवार

उद्या वर्धा. कोजागिरीमुळे पोतं बरंच रिकामं झालं. नुसतं लोंबतं. वरून भरायला काहीतरी हवं. वर्तमानपत्र घालायचं म्हटलं तर रद्दीवाला आजच येणार. हे ओसरीतून त्या चार जुड्या घेऊन आले, "घाल हे वरून. डास आता कमीच हायत." हिरवट, मळकट, धड वाजतसुद्धा नाहीत त्या. जास्त दाबून बघितलं नाही. पोत्याचं तोंड भरलं हे महत्त्वाचं.

विचार केला, या माणसाच्या हातून निदान एवढं काम झालं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार. वर्ध्याहून परत, संध्याकाळी

आज जे झालं ते शांत डोक्याने लिहायचं आहे. चहा घेऊन बसले आहे. बिनगवती.

पॅसेंजरने मी, कोकिळा, रुख्माबाई आणि हे. यांना न्यायचं नव्हतं, पण पोतं उचलायला लागतं. केंद्रात अल्लीपूरच्या बाया आधीच बसलेल्या. त्यांचं पोतं ढब्बू. त्यांची पुढारीण अंगणात चवाळ्याच्या, म्हणजे गोणपाटाच्या, मांडवाखाली वाळवला म्हणाली. मला त्यांची दया आली.

यंत्र सुंदर. खालून पाणी उकळतं, वाफ पाल्यातून जाते, मग थंड होऊन काचेच्या नळीत थेंब थेंब पडते. पाणी खाली, तेल वर. आधी अल्लीपूरचा पाला. पाण्यावर पिवळ्या तेलाचा जाड थर आला. सगळ्या बाया "आहाहा" म्हणाल्या. मीही म्हणाले, माणुसकी असते.

मग आमचं पोतं. साहेबांनी तोंड सोडलं, वरच्या चार जुड्या काढून बाजूला ठेवल्या. मग हात खोल घातला, हुंगला, आणि माझ्याकडे बघून अगदी अदबीने विचारलं, "काकू, यात कापूर घातलाय का?" मी म्हटलं, देवीजवळ ठेवला होता. साहेबांनी मान हलवली आणि सगळं पोतं यंत्रात घातलं.

थांबलो. पाणी पडलं. पाणीच पडत राहिलं. वर एक चकाकी आली, मी बोट दाखवलं. रुख्माबाई म्हणाली, "ते खिडकीचं ऊन हाय वो."

मग साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्या चार जुड्या उचलल्या, चुरगळल्या, डोळे मिटले. "हे कुणी वाळवलं?" कोकिळेने यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे खिशात पानाची डबी शोधत होते. साहेबांनी त्या जुड्या वेगळ्या घातल्या. लहानशा जुड्या, पण थेंब थेंब पिवळं तेल आलं. आमच्या भरल्या पोत्यातून जे आलं नाही ते डासांच्या जुड्यांतून आलं.

कोकिळेने विळी, टिन, गल्लीतला वास सगळं सांगून टाकलं, मग साहेबांनी सगळ्यांसमोर समजावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "वास म्हणजेच तेल, काकू. ते उन्हात उडतं. बारीक चिरलं तर आणखी लवकर उडतं, आणि टिनावर तर विचारूच नका. पाला वाजला याचा अर्थ पाणी गेलं एवढाच. गल्लीत वास सुटला म्हणता ना? तेच आपलं तेल होतं."

यंत्र अल्लीपूरला.

परत येताना गाडीत सगळ्यांच्या कपड्यांना केंद्रातल्या तेलाचा वास. मग बदनेऱ्याकडे जाणाऱ्या एका बाईने विचारलं, काय वास येतो बाई छान, आणि रुख्माबाईला हसू फुटलं ते पुलगाव येईपर्यंत थांबेना. कोकिळाही हसली. शेवटी हेही. मी खिडकीबाहेर बघत होते. कपाशीची पऱ्हाटी छान आली आहे यंदा.

२६ ऑक्टोबर, बुधवार

विचार केला. मी कधी कोणाला परत करायची आठवण दिल्याशिवाय वाटीभर साखर दिली नाही. आणि सगळ्या गल्लीला तेल फुकट वाटलं. लहानूला. समोरच्यांच्या पाहुण्यांना. गुरवाला! आणि ते सगळे आनंदाने श्वास घेत होते.

दुपारी मंडळाच्या बाया आल्या. मला वाटलं भांडायला. रुख्माबाई म्हणाली, "जाऊ द्या न वो. कापूस वेचणं मले काही नवीन नाई." ती हे हसून म्हणाली, म्हणूनच मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मग तिने निरोप सांगितला. साहेबांनी कळवलं आहे की पुलगावने पाला नीट वाळवला तर अल्लीपूरच्या यंत्रावर आपलंही तेल काढून मिळेल, आणि साबणवाले आपलं वेगळं घेतील. म्हणजे यंत्र नाही पण काम आहे.

मी लगेच वाळवण्याची जबाबदारी घेते म्हटलं. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग कोकिळा फार गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही पापड पाहा."

ठराव झाला. पाला आमच्या कवेलूच्या ओसरीत टांगायचा. देखरेख यांची. महिला मंडळाच्या इतिहासात प्रथमच पुरुष पदाधिकारी, आणि ठराव लिहायचा मीच, कारण अक्षर माझं चांगलं. यांनी अट घातली की बाज तिथेच राहील. मंजूर.

अंगणातल्या सारवलेल्या जागेवर रुख्माबाईची बकरी बसली होती. स्वस्तिकावर. उठवली नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

त्या डासांच्या जुड्यांचं तेल साहेबांनी लहानशा शिशीत भरून मंडळाला भेट पाठवलं. सगळ्यांनी मिटिंगमध्ये हुंगायचं, मग मंडळाच्या देव्हाऱ्यात ठेवायचं. खजिनदार म्हणून शिशी माझ्याकडे. पूजेत ठेवली. नऊ तारखेच्या मिटिंगला न्यायची. रुख्माबाई चार वेळा विचारून गेली, "शिशी बरोबर हाय न?" या गल्लीत माझ्यावरचा विश्वास परत येऊ लागला आहे.

९ नोव्हेंबर, बुधवार. दुपार

आज मिटिंग. सकाळी शिशी उजेडात धरली तर तेल जरा पातळ वाटलं. वाफेतून आलेलं, म्हणजे थोडं पाणी राहिलंच असणार. मंडळाला पाणी मिसळलेलं तेल दाखवायचं? माझ्या खजिनदारकीत?

साहेब म्हणाले ते पाल्याबद्दल. पाल्यातलं तेल कच्चं, ते उडणारच. हे काढलेलं तेल, पक्कं. तूप कढवलं की पाणी जातं, तूप राहतं. सगळं तेल पसरट वाटीत ओतलं आणि वाटी गच्चीवर टिनावर ठेवली. शिशी धुऊन पालथी घातली. पाणी उडालं की तेल दाट होईल, मग परत भरायचं. यांना सांगितलं नाही. ते आता पदाधिकारी आहेत, उगाच हस्तक्षेप करतील.

संध्याकाळी

जेवण झाल्यावर जरा डोळा लागला. जाग आली ती लहानूच्या आवाजाने. "काकू! आज परत तोच वास! लय मस्त बापा!"

वर धावले. वाटीच्या तळाशी एक पिवळा डाग. बोट फिरवलं. बोटाला वास आला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून रुख्माबाईचा आवाज, मागे सगळं मंडळ. "वच्छलाबाई, शिशी उघडली काय वो? इथपर्यंत येऊन राह्यला वास!" ओसरीतून हे म्हणाले, "उघडली नाई. वाळू घातली असन."

वेळ नव्हता. मी जिन्यातून ओरडले, सगळ्या गच्चीवर या, लवकर, मिटिंग इथेच आहे. त्या धापा टाकत वर आल्या. मी म्हटलं, काही बोलू नका, आधी खोल श्वास घ्या. सगळ्यांनी घेतला. कोकिळेने डोळे मिटून घेतला. रुख्माबाईने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टिनाकडे पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबून खालीच बसली. पण श्वास तिनेही घेतला, चांगला दोनदा.

वृत्तांत मीच लिहिला. "केंद्राकडून आलेलं तेल आजच्या सभेत सर्व सभासदांना सारखं वाटण्यात आलं. शिल्लक नाही. तक्रार नाही."